घाटावर जमीन उंच असते, विनू

विनू,

तुझ्या तेरवीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, आणि ती आपल्यालाच सुचली आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. "शौक नडला बिचाऱ्याला." शेजारचे काका पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "बिना इंजनाच्या विमानात बसाचंच काऊन म्हन्तो मी?" मी त्यांना भात वाढला. तू असतास तर त्यांना समजावून सांगितलं असतंस, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, आणि काकांचं जेवण तसंच राहिलं असतं. तू नव्हतास म्हणून ते पोटभर जेवले.

मला तुझ्या शौकाशी भांडायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. आणि ते पुरं केल्याशिवाय माझी सुटका नाही. तेरवीची माणसं पांगल्यावर मुक्ता माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, माझं एकटीनं उडायचं राहिलंय. मी जाऊ का नको?" शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तुझी बायको इतक्या वर्षांत माझ्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "ताई, तुमी सांगान तसं. तुमी हो म्हनलं तर हो, नाई म्हनलं तर नाई. मले काही सुचत नाई." नवरा हवेतून खाली आला आणि गेला, आणि एकुलती एक मुलगी त्याच हवेत जायला निघाली होती. तो निवाडा माझ्या पदरात टाकून तुम्ही सगळे मोकळे झालात.

तुला हे खूळ लागलं तेव्हा मी किती हसले होते, आठवतंय? तहसीलमधला क्लार्क, चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं. आणि पिंपळगाव राजाच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी कुणी ग्लायडरचा क्लब काढलाय म्हणून तू रविवारी पहाटे मेहकरहून मोटरसायकल हाणत निघालास. क्लब म्हणजे काय, तर एक साफ केलेली लांबट धावपट्टी, पत्र्याची शेड, दोन विमानं आणि दोर ओढणारं एक यंत्र. पतंगाला ढील द्यावी तसं ते विमान त्या दोराने वर चढायचं, वर गेलं की दोर सोडायचं आणि मग हवेच्या भरवशावर. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मी म्हणाले, "विनू, हे तर रिकाम्या पोटी संसार करण्यासारखं आहे." तू म्हणालास, "ताई, घार काय पेट्रोल टाकते काय?"

पुढे मुक्ता तुझ्या मागोमाग क्लबात शिकायला लागली आणि मी तुझी जमिनीवरची माणूस झाले. शाळेला सुट्टी असली की विमानाच्या पंखाचं टोक धरून उभी राहायचे, दोर ताणला की चार पावलं पळायचे आणि सोडायचे. भूगोलाची मास्तरीण, पदर खोचून धावपट्टीवर पळतेय, हे पाहून क्लबातली मुलं तोंड फिरवून हसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबा गेल्यानंतर तुझ्या चेहऱ्यावर इतकी वर्षं न दिसलेला एक उजेड त्या पंखाच्या पलीकडे दिसायचा, आणि तो बघायला मी कितीही पळाले असते.

एकदा काळमेघ सरांनी मलाही वर नेलं. सर म्हणजे तुमच्या क्लबाचे शिक्षक, हवाई दलातून निवृत्त, कमी बोलणारे, मिशा कातरलेल्या. मी वर्षानुवर्षं फळ्यावर आपला जिल्हा काढत आले, उत्तरेचा भाग घाटाखाली, दक्षिणेचा भाग घाटावर, मध्ये खडूने रेघारेघांची दाढी. आणि वरून पाहिलं तर घाट दिसेचना. खाली सगळं चटईसारखं अंथरलेलं, थोडा रंगाचा फरक, थोडी झाडी, बस. खाली उतरल्यावर मी तुला म्हटलं, "अरे, वरून घाट दिसतच नाही. सगळं सपाट." तू हसलास, म्हणालास, "म्हणून तर काटा असते ताई." उंची दाखवणारं ते घड्याळ तू मला बोटाने वाजवून दाखवलंस. पन्नाशीत मला माझा जिल्हा वरून दाखवणारा तू, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आत्ता सांगते. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता.

भांडण सुरू झालं ते तुझ्या परीक्षेच्या वेळी. माझ्या स्वयंपाकघरात तू जेवायला बसलेला, मी एका हाताने भाकरी थापतेय आणि तोंडाने तुझे प्रश्न विचारतेय. हवा, ढग, वजन, कायदे, सगळं तुला पाठ. मग मी त्यातला एक प्रश्न आपल्या गावाचा करून विचारला. पिंपळगावच्या धावपट्टीवर काटा शून्यावर लावून निघालास आणि मेहकरला उतरलास, तर टेकताना काटा काय दाखवेल? तू ठेच्याचं बोट चाटत म्हणालास, "हजार फुटाच्या आसपास. ताई, मी मेहकरचा पोरगा आहो. घाट चढताना यष्टीत माहे कान बंद व्हायचे, अन् तू मले शिकवून राह्यली की घाटावर जमीन उंच असते?" त्या प्रश्नाला तुला पूर्ण मार्क मिळाले, परीक्षेतही आणि माझ्याकडूनही. वर गरम भाकरी मिळाली.

पण मी मास्तरीण आहे रे. पास होणं आणि येणं यातली दरी मी रोज बघते. मी विचारलं, "तुमचे सर तुला दुसऱ्या कुठल्या जमिनीवर उतरवतात का?" तू म्हणालास, नाही, शिकवायचं एकच विमान, एकच दोर, पंधरा मुलं, रविवार केवढा असतो. वर जायचं, पाण्याच्या टाकीवर काटा आठशेवर आला की वळायचं, कडुनिंबापाशी पुन्हा वळायचं आणि आपल्याच पट्टीवर उतरायचं. काटा हजारावर उतरेपर्यंत वर चढणारी गरम हवा शोधायची मुभा, त्याखाली नाही. शेकडो वेळा तेच. मी म्हटलं, "मग हे शिकणं कुठे झालं? हे तर घरची वाट पाठ करणं झालं." तू चिडलास. "ताई, पूर्ण शिकून कोणी उडत नसते. लायसन म्हंजे पुढचं शिकाची परवानगी." मी विचारलं, पुढचं शिकवणार कोण? तू वर बोट दाखवून म्हणालास, "हवा." तेव्हा मी म्हटलं की हवेच्या परीक्षेत एटीकेटी नसते. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि ते भांडण तिथेच थांबलं.

आता तो दिवस. मला तो लिहायचा नव्हता, पण तुला तुझ्या बाजूने जे दिसलं नाही ते माझ्या बाजूने मला दिसलंय, आणि ते तुला सांगायला दुसरं कोण आहे.

हरभरा निघून गेला होता. ऊन चढलं होतं, हवा झकास वर जात होती, आणि तू पहिल्यांदा घाट ओलांडून धाड गावापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं होतंस. सरांनी परवानगी दिली होती. मी क्लबाची जीप घेऊन घाटातून वर निघाले, मागे विमान घालून आणायचा लांब गाडा, कारण कुठे उतरावं लागलं तर घरी कसं आणायचं. बुलडाण्याच्या पुढे तू मला वर दिसलास, पांढरा, इवलासा. मी खिडकीतून हात हलवला. तुला तो दिसणं शक्य नव्हतं तरी हलवला. पुढे धाडच्या अलीकडे बाजाराची गर्दी लागली, बैलगाड्या, काळीपिवळ्या, मध्येच मेथीच्या जुड्या मांडून बसलेली बाई, आणि माझा गाडा हलेना. तेवढ्यात वॉकीटॉकीवर तुझा आवाज आला. "ताई, हवा बसली व जराशी. पन काळजी नको करू, तेराशे फूट आहेत अजून. शोधून राह्यलो."

तेराशे म्हटल्यावर मला बरं वाटलं. तुलाही वाटलं असणार. त्यानंतर तुझा आवाज आला नाही.

ज्यांच्या वावरात तू पडलास ते म्हातारे बाबा माझा हात सोडायला तयार नव्हते. त्यांच्या हाताला माती होती, ती माझ्या हाताला लागली. "ताई, विमान लय खाली होतं व. बाभयीच्या थोडंसंच वर. तरी गरगर फिरूनच राह्यलं होतं. आमी हात करून राह्यलो, ओरडून राह्यलो, बावा उतर, उतर. त्याले काही दिसतच नव्हतं काय व?" नांगरून पडलेली काळीभोर वावरं, ना झाड ना घर, वरून बघणाऱ्याला अंदाज यावा असं खाली काहीच नाही. आणि डोळ्यांसमोर काटा म्हणतोय तेराशे. त्यातले हजार फूट घाटाचे होते, विनू. ते तुझ्या खाली हवेत नव्हते, जमिनीत होते. तुझ्याकडे उरले होते तीनशे. तू काट्याच्या हिशोबाने अजून हवा शोधत होतास, घरी शोधायची मुभा होती तशी. शेवटी तू नक्कीच खाली पाहिलंस, कारण ते म्हातारे बाबा म्हणाले की विमान एकदम जोरात वळलं. तितक्या खाली, तितक्या कमी वेगात, घाईने वळलं की एक पंख हवा सोडून देतो आणि विमान त्या बाजूला कोसळतं. हेही तुझ्या पुस्तकात होतं आणि हेही मी तुला विचारलं होतं.

मी तुझ्या जवळ बसले तेव्हा तू गेलेला होतास. मी तुझ्या तोंडावरची धूळ पदराने पुसली. तुझा एक डोळा उघडा होता, तो मिटला. पुढचं काही लिहीत नाही.

काळमेघ सर तेरवीनंतर घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "ताई, चौकशीवाले विचारतात, वैमानिकाला जमिनीच्या उंचीचं ज्ञान होतं का. मी काय सांगू? त्याले पूर्ण मार्क होते." मी म्हटलं, मला माहीत आहे, पहिले मार्क मी दिले होते. मग माझा तोल गेला. शोभा घरात, मुक्ता समोर, तरी मी ओरडले. त्याला माहीत होतं, पण ते डोक्यात होतं सर. हातात तुमची टाकी होती, तुमचा कडुनिंब होता, तुमचे आठशे आणि हजार होते. घाबरलेला माणूस डोक्याचं ऐकत नाही, हाताचं ऐकतो. त्याच्या हाताला तुम्ही फक्त पिंपळगाव शिकवलंत.

सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आमाले शिकवताना काटा झाकून टाकायचे, ताई. कागद लावायचे त्याच्यावर. नुसतं जमिनीकडे पाहून उतरा म्हणायचे. मले येते ते. पण क्लबात... येवढी पोरं, शिकवाचं येकच विमान. मग ते सुटत गेलं."

सुटत गेलं. विनू, हा शब्द मला त्या दिवशीच्या मातीपेक्षा जड गेला. मी आजवर समजत होते की आपलं भांडण आहे ते शिक्षण पुरेसं आहे की नाही याचं. तू म्हणणार पुरेसं कधीच नसतं, मी म्हणणार मग उडू नका. आणि इथे तर शिकवणाऱ्याला ठाऊक होतं, शिकणाऱ्याला ठाऊक होतं, विचारणाऱ्या मास्तरणीलाही ठाऊक होतं. तिघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कुणीच कुणाच्या हातात दिली नाही. याला अज्ञान म्हणतात का? मला शब्द सापडत नाही. माझ्या वर्गात मी अशा मुलांना पूर्ण मार्क देऊन घरी पाठवत आले आहे, आणि तेही कुठेतरी घाट ओलांडत असतील.

मी मुक्ताला दोन दिवस उत्तर दिलं नाही. नाही म्हणणं सोपं होतं. शोभा त्या दोन दिवसांत माझ्या ताटात जास्त भाजी वाढत होती, आणि मला कळत होतं की तिला नाही ऐकायचंय. मीही ते म्हणायलाच टेकले होते. पण मुक्ता रात्री जेवताना म्हणाली, "आत्या, तू नाही म्हणशील तर मी नाही जाणार. पण मग मला आयुष्यभर वाटेल की पप्पाला हवेनं मारलं. अन् हवेनं नाही मारलं त्याला." एवढं बोलून ती पुन्हा वरणभात खायला लागली. ती तुझ्यासारखी बोलत नाही, विनू. तुझ्यापेक्षा कमी बोलते, आणि नेमकं बोलते.

मग मी सरांना फोन केला आणि सांगितलं की मुक्ताला एकटीला सोडायच्या आधी तुम्ही आमच्यासोबत धाडला चला. क्लबातल्या दुसऱ्या विमानाचं उंचीचं घड्याळ काढून घ्या, पिंपळगावच्या पट्टीवर शून्यावर लावा आणि सोबत आणा. आले ते. जीपमध्ये मुक्ता ते घड्याळ मांडीवर घेऊन बसली. घाट चढताना काटा हळूहळू वर सरकत होता आणि माझे कान बंद होत होते, तुझे व्हायचे तसे. धाडच्या त्या वावरात आम्ही उभे राहिलो तेव्हा काटा हजाराच्या पुढे होता आणि आमच्या चपला ढेकळात रुतल्या होत्या. म्हातारे बाबा पाणी घेऊन आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, विचारलं की हे काय दाखवते. मुक्ता म्हणाली, "आपण जमिनीपासून किती वर आहोत ते." बाबांनी पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. सर वावराच्या बांधावर बसले आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मला त्यांची दया आली नाही. आता येते, थोडी.

त्यानंतर सरांनी रविवारचे नवे विद्यार्थी घेणं बंद केलं आणि जुन्या प्रत्येकाला ते काटा झाकून उतरवायला लागले. मुक्ताला सर्वांत जास्त वेळा. पहिल्या वेळी ती टाकीकडे पाहून वळली, तर सरांनी दुसऱ्या वेळी तिला टाकीच्या उलट बाजूने आणलं. मी हो म्हटलं ते त्यानंतर. शोभाने तेव्हाही भांडण केलं नाही. देवापुढे दिवा लावला आणि आत जाऊन पडली.

परवा, चैत्राच्या उन्हात, सकाळच्या वेळी मुक्ता एकटी उडाली. पंखाचं टोक मीच धरलं होतं. दोर ताणला तेव्हा माझे पाय पळाले, हात मात्र सुटायला तयार होईना, शेवटी विमानानेच तो सोडवून घेतला. ती वर असेपर्यंत मी तुझं नाव घेत होते एवढं आठवतं. ती आली, वळली, टेकली, घरंगळत थांबली. सर तिच्याजवळ गेले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "किती उंचीवर वळली?"

"माहीत नाई सर," ती म्हणाली. "जमीन जवळ वाटली म्हणून वळली."

मुलं टाळ्या वाजवत होती. मुक्ताने काटा झाकायला घड्याळाच्या काचेवर लावलेली पट्टी सोलून काढली आणि ती कुठे टाकावी हे न कळून माझ्या हातात दिली. विजेच्या वायरीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी, दोन बोटं लांब. तिथे सगळ्यांदेखत मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं की आनंदाने. मला सरांचा राग आला होता, त्या सुटत गेलेल्या रविवारांचा आला होता, ठेच्याचं बोट चाटून बरोबर उत्तर देणाऱ्या तुझा तर इतका आला होता की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. एवढीच पट्टी लागत होती रे, विनू. एवढीशीच.